वाहनास चोरघंटा बसवितांना

शेतकऱ्याच्या दारांतील सर्वांत मोलाची जंगम वस्तु एके काळीं बैलजोडी असे. आज ती ट्रॅक्टर आहे, आणि त्याच्या जोडीस कोठें पिकअप, कोठें मोटारसायकल. बैल अनोळखी हातास सहसा वश होत नसे. ट्रॅक्टराचें तसें नाहीं. जुन्या ट्रॅक्टरांच्या पुष्कळ मॉडेलांस एकच किल्ली चालते, हें चोरास ठाऊक असतें आणि मालकासही ठाऊक असतें. म्हणून ज्यांची वाहनें गांवाबाहेर वस्तीवर, पत्र्याच्या उघड्या शेडमध्यें उभीं असतात, त्यांच्यांत अलार्म, म्हणजे ज्यास आपण सोयीसाठीं चोरघंटा म्हणूं, ती बसवून घेण्याचा परिपाठ पडत चालला आहे. या परिपाठास माझा विरोध नाहीं. परंतु ती ज्या रीतीनें बसविली जाते त्या रीतीस माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो सभासद बंधूंपुढें मांडावा एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

ही वस्तु मुळांत साधी आहे. एक लहान पेटी, एक भोंगा, धक्का ओळखणारा एक भाग, किल्लीच्या जुडग्यांत ठेवावयाचा रिमोट, आणि वाहनाच्या वायरिंगास जोडावयाच्या आठ-दहा रंगीत तारा. पेटी बनविणाऱ्यानें आपलें काम बहुधा बरें केलेलें असतें. खरा प्रश्न आहे तो या आठ-दहा तारांचा. बाजाराच्या दिवशीं ट्रॅक्टर दुकानापुढें उभा करावयाचा, मालकानें चहास जावयाचें, आणि तो परत येतो तों मिस्त्रीनें भोंगा वाजवून दाखवावयाचा, असा हा व्यवहार अर्ध्या-पाऊण तासांत उरकतो. भोंगा वाजला म्हणजे काम झालें अशी उभय पक्षांची समजूत असते. आंत काय केलें हें मालक विचारीत नाहीं आणि मिस्त्री सांगत नाहीं.

आंत बहुधा पुढील प्रकार झालेला असतो. बॅटरीच्या धन टोंकावरून एक बारीक तार थेट पेटीस नेलेली असते. वाहनाच्या मूळ तारा ब्लेडनें सोलून त्यांस नव्या तारा नुसत्या पिळून जोडलेल्या असतात व वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. पत्र्याच्या भोंकांतून तार आरपार नेली आहे, पण त्या भोंकास रबरी बोंडी नाहीं. फ्यूज कोठें आहे म्हणून शोधूं गेल्यास तो एकतर मुळींच नसतो, किंवा पेटीजवळ, म्हणजे बॅटरीपासून चार-पांच हात दूर असतो.

“१२ व्होल्टांत असें काय मोठें आहे? हातास झटकाही बसत नाहीं,” असें पुष्कळ लोक म्हणतात. झटका बसत नाहीं हें खरें. पण झटका बसतो तो व्होल्टांमुळें आणि तार तापते ती अँपिअरांमुळें. मध्यम प्रतीच्या ट्रॅक्टरांत बहुधा ७५ ते ८८ अँपिअर-तासांची शिसें-आम्लाची बॅटरी असते. थंडीच्या सकाळीं स्टार्टर फिरवितांना हीच बॅटरी दोन-दोनशें अँपिअरांचा प्रवाह कांहीं क्षण सहज देते. म्हणूनच स्टार्टरची तार अंगठ्याएवढी जाड घातलेली असते. आतां ती केसाळ, बारीक तार कोठें घासून तिचें आवरण निघालें आणि ती सांगाड्यास टेकली, तर तोच प्रवाह तींतून वाहूं पाहतो. तार पाहतां पाहतां लाल होते, तिचें आवरण वितळून पेटतें, आणि शेजारच्या मूळ तारांचीही तीच गत होते. जवळ डिझेलची नळी, खालीं सांडलेलें वंगण, आणि शेडमध्यें मागें रचलेला कडबा. विहिरीवरील पंपास स्टार्टर व फ्यूज नसतां वीज जोडण्यास आपल्यांतील कोणी धजणार नाहीं. पण ट्रॅक्टरास तसें केलेलें मात्र चालतें, कारण तेथें झटका बसत नाहीं!

शेजारच्या एका गांवीं असा प्रकार माझ्या पाहण्यांत आला. तार बॉनेटच्या कडेखालून नेलेली होती. बॉनेट उघडतां-मिटतां व इंजिनाच्या थरथरीनें ती कांहीं महिने झिजत राहिली, आणि एके दिवशीं नांगरट चालू असतांना धूर निघाला. मालक सावध गृहस्थ होते. खाली उडी मारून त्यांनीं हातांतील पान्यानें बॅटरीची ऋण तार सोडविली. पुढील सर्व वायरिंग जळालें, पण ट्रॅक्टर वांचला. हेंच रात्रीं शेडमध्यें झालें असतें तर चोरघंटा खचितच वाजली नसती, कारण आधीं जळाली असती ती तिचीच तार.

यावर उपाय एकच आणि तो चहाच्या दोन कपांच्या किंमतींत होतो. बॅटरीपासून एका वितेच्या आंत फ्यूज घालावा. फ्यूज हा पेटीच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो, ही गोष्ट मिस्त्री मंडळींसही सांगावी लागते. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तारेचा तुकडा नेहमींच उघडा, बिनपहाऱ्याचा असतो. तो जितका आंखूड तितका धोका थोडा. एक चौरस मिलिमीटर जाडीची चांगली तार असल्यास चोरघंटेच्या पेटीस व भोंग्यास ५ किंवा ७॥ अँपिअरांचा फ्यूज पुरतो. हल्लींच्या चपट्या फ्यूजांत ५ अँपिअरांचा फिकट तपकिरी, ७॥ चा गडद तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा व २० चा पिवळा, असे रंग ठरलेले आहेत. तेव्हां अक्षर-ओळख नसणाऱ्या माणसासही पाहतांच समजतें. फ्यूज उडाला तर त्याजागीं तितक्याच अँपिअरांचा फ्यूज घालावा. तांब्याची तार अडकविणें किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून बसविणें ही जी कसबाची गोष्ट म्हणून चारचौघांत सांगितली जाते, ती पहारेकऱ्यास झोंपेचें औषध देण्यासारखी आहे.

काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडवावें व काम संपल्यावर तें सर्वांच्या शेवटीं जोडावें. कारण उघड आहे. ऋण टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. तें तसेंच ठेवून धन टोंकाचा नट फिरवूं लागल्यास आणि पाना चुकून पत्र्यास लागल्यास ठिणगी पडते, व भरतांना बॅटरींतून निघालेला हायड्रोजन वायु तेथें साचलेला असेल तर स्फोट होऊन आम्ल तोंडावर उडतें. ज्या भोंग्यांच्या पोटांत स्वतःची लहान बॅटरी असते ते मात्र मुख्य बॅटरी सोडवितांच ओरडूं लागतात. त्यांस बंद करण्याची वेगळी किल्ली असते, ती आधीं फिरवावी.

जोडणीविषयीं दोन मतें आहेत. कांहीं जाणते लोक डाख द्यावा म्हणतात, कांहीं दाबून बसविण्याचीं धातूचीं टोंकें, म्हणजे लग, वापरावीं म्हणतात. मोटारगाडींत डाख चालून जाईल. ट्रॅक्टरांत मला दाबलेलें टोंक बरें वाटतें. डाखाचें कथील तारेच्या बारीक तंतूंत आंत चढतें व तेवढा भाग ताठ होतो. आणि जेथें ताठपणा संपतो नेमकी तेथेंच तार थरथरीनें कालांतरानें तुटते. रोटाव्हेटर लावलेल्या ट्रॅक्टराची थरथर ज्यानें पायांखालीं अनुभवली आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. टोंक दाबण्याची पकड मात्र त्याच कामाची हवी. दातांनीं किंवा साध्या पक्कडीनें चेपलेलें टोंक पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीं. वर उष्णतेनें आवळणारी नळी बसवावी. मूळ तार न सोलतां तिजवर नुसतें चिमटून बसविण्याचे जे निळे-तांबडे चाप मिळतात, ते ओल व धूळ आंत घेतात. शेतीच्या वाहनास ते उपयोगी नाहींत. जमिनीची म्हणजे अर्थिंगची तार जेथें लावावयाची तेथील रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दांतेरी वायसर घालून नट आवळावा आणि वर थोडें व्हॅसलीन लावावें. चोरघंटा मध्यरात्रीं विनाकारण ओरडते या तक्रारीच्या मुळाशीं बहुधा ढिलें अर्थिंगच असतें. दोष मात्र मांजराच्या माथीं येतो.

सर्व नव्या तारा घडीदार नळींतून न्याव्या. हें उंदरांसाठीं. पेटी इंजिनाजवळ न बसवितां डॅशबोर्डाखालीं बसवावी, सायलेन्सरपासून दूर ठेवावी, व भोंग्याचें तोंड खालीं करावें, म्हणजे ट्रॅक्टर धुतांना त्यांत पाणी सांचत नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत नाजूक भागाकडे वळूं. नुसती घंटा वाजून चालत नाहीं, इंजिनही सुरू होऊं नये, अशी मालकाची इच्छा असते. म्हणून मिस्त्री एक रिले बसवून कोठें तरी “कट” देतो. तो कोठें द्यावा हा खरा प्रश्न आहे. कित्येक ठिकाणीं तो किल्लीच्या मुख्य तारेवर, म्हणजे चालत्या इंजिनास वीज पुरविणाऱ्या तारेवर दिलेला मीं पाहिला आहे. ही पद्धत मी अत्यंत घातक समजतों. पिकअप माल भरून घाट उतरत असतांना तो रिले ढिला झाला किंवा पेटींत पाणी जाऊन ती बिघडली, तर इंजिन तेथेंच बंद पडतें. इंजिन बंद पडलें कीं ब्रेकला मिळणारें निर्वाताचें साहाय्य दोन-तीन दाबांतच संपतें, ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो, आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास तेंही जड होतें. मग चोर राहिला बाजूस, मालकच दरींत. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टराची गोष्ट वेगळी. एकदां सुरू झालेल्या त्या इंजिनास चालत राहण्यास विजेची गरजच नसते, तेव्हां तेथें असा कट देऊन बहुधा कांहींच साधत नाहीं.

कट द्यावयाचाच तर तो स्टार्टरवर द्यावा, आणि तोही जाड तारेवर नव्हे, तर किल्लीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाणाऱ्या लहान तारेवर. म्हणजे पेटी बिघडली तरी फार तर इंजिन सुरू होणार नाहीं. सुरू असलेलें बंद पडणार नाहीं. रिले ३० ते ४० अँपिअरांचा घ्यावा व या तुकड्यास अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरावी, कारण सोलेनॉइड ओढतांना प्रवाह बराच लागतो. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ व ८७-ए असे आंकडे छापलेले असतात. कापलेल्या तारेचें एक टोंक ३० वर व दुसरें ८७-ए वर जोडावें. हे दोन पाय रिले शांत असतांना आपसांत जोडलेले असतात, म्हणून पेटी मेली तरी ट्रॅक्टर सुरू होतो. रिलेच्या वेटोळ्यास वीज किल्लीनंतरच्या तारेवरून द्यावी व दुसरें टोंक चोरघंटेच्या पहाऱ्याच्या तारेस जोडावें. किल्ली बंद असतांना रिले मग कांहींच खात नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं, पेटीची तार कापणाऱ्या चोरासही मग ट्रॅक्टर सुरू करतां येईल. येईल. परंतु चोराचा धोका एखाद्या रात्रीचा आहे, आणि ऐन मृगांत वाफसा आलेला असतांना बिघडलेल्या पेटीपायीं ट्रॅक्टर अडून बसण्याचा धोका रोजचा आहे. दोहोंतून मी पहिला पत्करीन व पेटी अवघड जागीं लपवीन.

स्टार्टरच्या तारेवर पुष्कळ ट्रॅक्टरांत आधींच एक सुरक्षेचा स्विच असतो, ज्यामुळें क्लच दाबल्यावांचून किंवा गिअर सोडविल्यावांचून स्टार्टर फिरत नाहीं. नवी जोडणी करतांना तो वगळून थेट तार नेण्याचा मोह मिस्त्रीस होतो, कारण काम सोपें होतें. तसें कदापि करूं देऊं नये. गिअरमध्यें असलेला ट्रॅक्टर खालीं उभें राहून सुरू केल्यामुळें माणसें चाकाखालीं सांपडलीं आहेत. बायकापोरें ज्या अंगणांत वावरतात त्याच अंगणांत हें यंत्र उभें असतें.

बॅटरी उतरण्याची तक्रार तर घरोघरीं आहे. तिचा हिशेब कोणासही मांडतां येईल. पहाऱ्यावर असलेली चोरघंटा २० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसास अर्धा अँपिअर-तास जातो. महिन्यास सुमारें साडेचौदा. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस हें जाणवत नाहीं. परंतु त्याबरोबर ठावठिकाणा कळविणारें सिमकार्डाचें यंत्रही बसविलें आणि एकूण खर्च ५० मिलिअँपिअर झाला, तर महिन्यास ३६ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी रिकामी होते. आणि मिस्त्रीनें रिलेचें वेटोळें चुकीनें थेट बॅटरीवर घेतलें असेल, तर तें एकटेंच दीडशें मिलिअँपिअरांच्या आसपास, म्हणजे दिवसास साडेतीन अँपिअर-तासांहून अधिक खातें. तीन आठवड्यांत बॅटरी ठार. पेरणी आटोपल्यावर ट्रॅक्टर कित्येक दिवस उभा राहतो, त्यावेळीं हेंच घडतें. शिवाय उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली कीं तिच्या पत्र्यांवर कठीण थर बसतो व ती पुन्हां पूर्वीसारखी कधींच भरत नाहीं. मग नवी बॅटरी घ्यावी लागते, आणि दोष बॅटरीच्या कंपनीस दिला जातो. मल्टिमीटर ऋण तार व बॅटरी यांच्या मध्यें अँपिअरच्या भोंकांत जोडून हा खर्च मोजतां येतो. चोरघंटा पहाऱ्यावर लावून पांच मिनिटें थांबावें व मग आंकडा पाहावा. मीटर असा जोडलेला असतांना किल्ली मात्र फिरवूं नये. स्टार्टरचा प्रवाह त्यास सोसवत नाहीं.

इंडिकेटरचे दिवे उघडझाप करावे म्हणून जी जोडणी होते तींत डाव्या व उजव्या तारा एकत्र बांधून टाकण्याची चूक वारंवार दिसते. परिणाम असा कीं, चालत्या वाहनाचा डावा इंडिकेटर लावला तरी चारही दिवे लागतात आणि मागून येणाऱ्या ट्रकास वळण कळत नाहीं. पेटीस या कामासाठीं दोन स्वतंत्र तारा असतात. त्या स्वतंत्रच ठेवाव्या. २१ वॅटांचे चार दिवे मिळून सात अँपिअर खातात, हें ध्यानांत घेऊन या तारांस निराळा १० अँपिअरांचा फ्यूज द्यावा.

हें सर्व जुन्या घडणीच्या वाहनांविषयीं झालें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या नियमांखालीं आलेल्या मोटारी व पिकअप, तसेच जानेवारी २०२३ पासून नव्या नियमांत आलेले ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टर, यांत इंजिनाचा कारभार संगणकाच्या हातीं असतो. तेथें एकमेकांस पीळ दिलेल्या दोन बारीक तारांतून संदेश जातात; त्यांस हात लावल्यास वाहन जागचें हालत नाहीं. बल्बाची टोचणी घेऊन तारा चांचपणें तेथें वर्ज्य आहे. पिवळ्या आवरणांतील तारा एअर बॅगच्या असतात, त्यांच्या वाटेसही जाऊं नये. अशा वाहनास कंपनीच्या अधिकृत दुकानींच, मूळ जोडांत बसणारी तयार वायर घेऊन, चोरघंटा बसवावी. खर्च अधिक येतो. पण हमी जाते ती परत मिळत नाहीं, आणि आग लागल्यास विमा कंपनीचा सर्व्हेअर प्रथम मूळच्या नसलेल्या तारांकडेच बोट दाखवितो.

संस्थेनें चोरघंटा घाऊक भावानें आणून सभासदांस द्याव्या अशी सूचना कांहीं मंडळींकडून ऐकूं येते. सूचना चांगली आहे, पण अर्धी आहे. पन्नास पेट्यांबरोबर पन्नास फ्यूजपेट्या, दाबण्याची एक चांगली पकड व एक मल्टिमीटरही आणावा, आणि आय. टी. आय. शिकलेल्या गांवच्या दोन मुलांस या कामावर नेमावें. पेटी स्वस्त मिळाल्याचें समाधान जळलेल्या वायरिंगाच्या खर्चापुढें टिकणारें नाहीं.

आणखी एक गोष्ट मी आग्रहानें सुचवितों. महसूल खात्यांत उभा जन्म गेल्यामुळें ती मला सुचली असें कोणी म्हटल्यास मी नाकारणार नाहीं. जमिनींत कांहीं बदल झाला कीं गांव नमुना ६ मध्यें फेरफार धरला जातो, आणि चाळीस वर्षांनींही कोणत्या गटांत काय झालें हें सांपडतें. वाहनाच्या तारांतील फेरफाराची मात्र कोठेंच नोंद नसते. ज्यानें चोरघंटा बसविली तो मिस्त्री दुकान बंद करून शहरांत निघून जातो, आणि दोन वर्षांनीं दुसरा मिस्त्री त्याच तारांच्या जंजाळांत आणखी चार तारा घालतो. म्हणून प्रत्येक वाहनास एक फेरफार-पत्रक असावें. त्यांत तारीख, बसविणाराचें नांव, नव्या कोणत्या रंगाची तार मूळच्या कोणत्या तारेस व कोठें जोडली, फ्यूज कोठें व किती अँपिअरांचा, रिले कोठें, आणि बसविण्यापूर्वीं व नंतर मोजलेला उभ्या वाहनाचा विजेचा खर्च, इतक्या बाबी असाव्या. संस्थेनें हें पत्रक छापून द्यावें. मात्र तें ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्यें ठेवूं नये. चोरास वाचतां येत नाहीं अशी समजूत धरण्याचें कारण नाहीं. सातबाराच्या उताऱ्याबरोबर तें घरच्या पेटींत ठेवावें.

आणि ज्यांस संस्थेची वाट न पाहतां उद्यांच काम करून घ्यावयाचें आहे त्यांनीं चहास न जातां तेथेंच उभें राहावें. काम झाल्यावर बॅटरीजवळचा फ्यूज स्वतः उपटून पाहावा. पेटीस स्वतःची बॅटरी नसेल तर ती तत्काळ मेली पाहिजे. मेली नाहीं तर कोठें तरी दुसरी, बिनफ्यूजची तार आहे. फ्यूज परत बसवून चोरघंटा पहाऱ्यावर लावावी व किल्ली फिरवावी. स्टार्टर फिरतां कामा नये. मग पहारा काढून इंजिन सुरू करावें आणि तें चालू असतांना पुन्हां फ्यूज उपटावा. इंजिन चालतच राहिलें पाहिजे. बॉनेट तीन-चार वेळां उघडून मिटावें आणि एखादी तार कडेखालीं दबते काय तें पाहावें. यांतील एकही गोष्ट उलटी आली तर मिस्त्रीकडून तेथेंच दुरुस्त करून घ्यावी, पत्रकावर त्याची सही घ्यावी, आणि मगच मजुरीसाठीं खिशांत हात घालावा.